आम्हाला दुसरी बोअर नको: पाणीपुरवठ्याच्या साहेबांना जुव्यावरून खुलं पत्र

मा. कार्यकारी अभियंता साहेब (ग्रामीण पाणीपुरवठा), तालुक्याचे शाखा अभियंता, आमची ग्रामपंचायत, आणि त्या फाइलवर ज्यांनी ज्यांनी सही केली ते सगळे,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मंजुरीच्या पत्राचा फोटो आला. आमच्या जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या बेटावर, दुसरी बोअर मंजूर, आधीच्यापेक्षा जास्त खोल, त्यावर जास्त एचपीचा सोलर पंप. लगेच खाली हात जोडलेले इमोजी, अभिनंदनाचे मेसेज, एकाने तर बॅनरचं डिझाइनपण टाकलं. मी एकच ओळ लिहिली की ही बोअर होऊ देऊ नका, तर फोन यायला लागले, बाबा तुला पाणी नको का म्हणून. अरे पाणी हवंय म्हणूनच तर बोलतोय. पण ग्रुपवर कितीही टाइप केलं तरी ते सकाळच्या गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं, त्यामुळे साहेब, हे पत्र तुम्हाला उघडच लिहितोय, सगळ्यांनी वाचावं म्हणून.

बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं जुवं खाडीच्या मुखाजवळ आहे, चारी बाजूंनी खारं पाणी, साठेक घरं, अडीचशेच्या आसपास माणसं, गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की दुप्पट. माड, थोडी भातशेती, बाकी सगळं मासेमारीवर. शाळा चौथीपर्यंत, पुढची पलीकडे. रेशन पलीकडे, दवाखाना पलीकडे, ग्रामपंचायतपण पलीकडे, आम्ही तिच्यातली नुसती एक वाडी. जुव्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, साहेबांना बरोबर कळेल. मी आयटीआय केलेला प्लंबर आहे, तालुक्याच्या गावात आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये कामं करतो, लोकांच्या बाथरूममध्ये रेन शॉवर बसवून संध्याकाळच्या होडीने घरी येतो. तेव्हा पाइप, पंप, प्रेशर यातलं मला थोडंफार कळतं असं समजून पुढचं वाचा.

पहिली बोअर जलजीवन मिशनमधून आली. १५ ऑगस्ट २०१९ ला दिल्लीतून घोषणा झाली होती, २०२४ पर्यंत घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. आमच्याकडे बोअरची गाडी बार्जवर चढवून आणली, पोरंटोरं बघायला जमली, नारळ फुटला. पाणी लागलं ते खरंच गोड होतं, मी स्वतः ओंजळीने प्यालोय, खोटं कशाला बोलू. मग सोलर पंप, टाकी, दारोदार नळ आणि नंबराची निळी पाटी. नळाचा फोटो काढायला एक मुलगा आला, आधार नंबर लिहून घेतला, आणि आमच्या आईने ठेवणीतली साडी नेसून नळाखाली हंडा लावून फोटो दिला. तो फोटो तुमच्या पोर्टलवर अजून असेल. फोटोत नळाला पाणी आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात ते पाणी मचूळ झालं. दुसऱ्या वर्षी संक्रांतीपासूनच चव बदलली, आणि होळी आली तोवर डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, चहात दूध घातलं की चहा फाटायला लागला. आता मार्चनंतर त्या नळाला कोणी हात लावत नाही, शेजारच्या काकी नळाच्या खांबाला शेळी बांधतात. आणि बोअरचं एक वेळ सोडून द्या, देवळाजवळची आमची जुनी विहीर, जिच्यावर आजोबांच्या आधीपासून वाडी जगली, जिला पाणी कधी भरपूर नव्हतं पण एप्रिल संपेपर्यंत गोडं असायचं, ती आता महाशिवरात्रीलाच खारट लागते.

हे असं का झालं ते मला एका निवृत्त भूजलवाल्या काकांनी सांगितलं, त्यांच्या घरी मी नळाचं काम करत होतो. माशाच्या कालवणावर तवंग येतो तसं बेटावर पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरून खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड. गायबेन आणि हर्झबर्ग नावाच्या दोघांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याचा हिशोब मांडून ठेवलाय, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. ऐकून मला आनंदच झाला होता, म्हटलं चाळीस फूट म्हणजे काय कमी आहे का. तर काका म्हणाले, हे उलट्या बाजूनेपण लागू होतं. उपसून पातळी एक फूट खाली नेलीस की खालून खारं पाणी चाळीस फुटापर्यंत वर यायला बघतं, आणि ते बरोबर पंपाच्या खालीच शंकूसारखं वर चढतं. लगेच नाही चढत, हळूहळू, पण एकदा चढलं की नुसता पंप बंद केला म्हणून खाली जात नाही, पुढचे पावसाळे जावे लागतात.

आता आमच्या पंपाचं बघा. सोलर आहे, वीजबिल नाही, त्यामुळे ऊन असेल तोवर चालू, टाकी भरली की ओव्हरफ्लो माडांच्या आळ्यात. ऊन सगळ्यात कडक कधी? एप्रिल-मेमध्ये. आणि जमिनीतलं गोडं पाणी सगळ्यात कमी कधी? तेव्हाच. म्हणजे ज्या महिन्यात पंपाने गप्प बसायला हवं त्याच महिन्यात तो सगळ्यात जोरात ओढतो. यात कोणी भ्रष्टाचार केला असं मी म्हणत नाहीये, घाटावर हीच स्कीम चांगली चालत असेल. पण बेटावर तीच कॉपी पेस्ट केली, आणि ती फसली म्हटल्यावर उत्तर काय, तर आणखी खोल जा. साहेब, आमच्याकडे खोल गेलं की मीठच आहे. दुसरी बोअर मारलीत तर विहिरीत पावसाळ्यानंतरचे चार महिने जे काही गोडं उरलंय तेपण जाईल, आणि ते परत आणायची मशीन तुमच्या कुठल्याही दरसूचीत नाही.

मागे हे बोलायला ऑफिसला आलो होतो तेव्हा मला सिंधुदुर्ग किल्ल्याचं उदाहरण ऐकवलं गेलं, की भर समुद्रात महाराजांच्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेतच ना गोड्या पाण्याच्या. आहेत की. पण तो कुरटे बेटाचा खडक, आमच्याकडे वाळू आणि खाडीचा गाळ. आणि त्या बावींतून साडेतीनशे वर्षं माणसांनी दोरीने पाणी शेंदलंय, दिवसभर चालणारा पंप लावून नाही.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली, पाण्याच्या तपासणीची. सॅम्पल घ्यायला माणूस येतो तो बहुतेक वेळा पाऊस संपता संपता. तेव्हा आमचं पाणी झकास असतं, रिपोर्टपण झकास येतो. एप्रिलमध्ये या म्हटलं तर तेव्हा टार्गेट संपलेलं असतं. मी ऑनलाइन एक टीडीएस मीटर मागवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, अगदी साधा पेनसारखा, त्यावर एप्रिलच्या दुपारी आकडा अठराशेच्या वर जातो आणि मेमध्ये दोन हजार ओलांडतो. हे ऑफिसात दाखवलं तर उत्तर मिळालं की दोन हजारपर्यंत चालतं, पिण्यायोग्यच आहे. साहेब, पिण्याच्या पाण्याचं ते सरकारी मानक, आयएस १०५००, मी पण वाचलंय. त्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलंय, आणि २००० पर्यंतची सूट दुसरा स्रोतच नसेल तर. दुसरा स्रोत नाही हे ठरवायला आधी तो शोधायला नको का? तुम्ही शोधलाच नाहीत आणि सूट मात्र वापरलीत. वर आम्हाला सल्ला काय, पाणी उकळून प्या, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. टीसीएलने जंतू मरतात, मीठ तसंच राहतं, आणि उकळून तर उलट जास्त खारट होतं. आमच्या वाडीत बीपीची गोळी घेणारे बरेच आहेत, त्यांना दवाखान्यात सांगतात मीठ कमी करा. त्यांनी जेवणातलं मीठ कमी केलंही, पण तांब्यातल्या पाण्याचं काय करायचं?

दुसरी, कागदावर आम्ही पूर्ण झालोय. सगळ्या घरांना नळ, म्हणून गाव ‘हर घर जल’ जाहीर. हा ठराव ग्रामसभेत व्हावा लागतो, आणि तो झाला १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, पलीकडे, खाडी फुगलेली, होडी बंद, आमच्या वाडीतलं एकही माणूस नाही. ठराव बेकायदा आहे का ते मला माहीत नाही, मी वकील नाही. पण भर पावसात, आम्ही नसताना, आमच्या उन्हाळ्याचा निकाल लागला एवढं खरं. आणि एकदा पूर्ण म्हणून टिक झाली की पुढे कुठेच नाव येत नाही. २०२५ च्या बजेटमध्ये जलजीवन मिशनला २०२८ पर्यंत मुदत वाढवून मिळाली, पण आम्ही तर आधीच पूर्ण.

तिसरी, टंचाईची. दरवर्षी टंचाई आराखडा होतो, त्यात टँकरने माणशी वीस लिटर. आमच्याकडे टँकर येणार कसा, तो पलीकडच्या धक्क्यावर थांबतो. तिथून होडीने न्यायचं म्हटलं तर होडीचं भाडं कशात बसत नाही, टँकरला जीपीएस लागतं, होडीला ते नाही, त्यामुळे बिल निघत नाही. बोअरची गाडी आणायला बार्ज मिळतो, पाण्याच्या होडीला मात्र खर्चाचं हेड नाही. मग मे महिन्यात काय होतं ते एकदा येऊन बघा. ओहोटी असेल तर होडी धक्क्याला लागतच नाही, लांब चिखलात थांबते. बायका साडी खोचून गुडघाभर गाळात उतरतात, डोक्यावर हंडा, एका हातात निळा कॅन, गाळातल्या कालवांच्या शिंपा पायाला कापतात. शेजारच्या काकींच्या तळपायाला अशी मोठी जखम झाली, शुगर आहे त्यांना, कितीतरी दिवस भरली नाही, आणि त्या अवस्थेतही त्या पाण्याला येत होत्या कारण घरी दुसरं कोण आहे. भरतीची वाट बघायची तर भरती कधी पहाटे, कधी रात्री, आणि पलीकडचा नळ येतो त्याच्या वेळेला, आमच्या भरतीच्या वेळेला नाही.

आणखी एक, जरा बाजूचं आहे पण लिहितोच. खाडीत रात्री सक्शन पंपाने वाळू उपसतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने आमचे किनारे ढासळतायत, एका बाजूचा खारबंधारा फुटून उधाणाचं पाणी भातशेतीत शिरलं, आणि शेतात शिरलेलं खारं पाणी विहिरीत यायला कितीसा वेळ लागतो. हे तुमचं खातं नाही हे कळतं. पण त्या खात्याला तुम्ही एक पत्र तरी लिहू शकता, आमच्या पत्राला तर पोचपण मिळत नाही.

बोअर नको म्हणतोय तर काय हवंय तेपण सांगतो, नुसतं नको नको करायची मला सवय नाही.

आपल्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्याकडचं साधं कौलारू घर पन्नास चौरस मीटर धरा, छपरावरून दीड लाख लिटर वाहून जातं. तिसरा हिस्सा वाया गेला म्हणा, तरी एक लाख. आणि लागतं किती? पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर, पाच माणसांना पन्नास, ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दोनशेचाळीस दिवस, म्हणजे बारा हजार लिटर. फेरोसिमेंटची गोल टाकी, तीन मीटर रुंद, पावणेदोन मीटर उंच, त्यात हे सगळं बसतं. छपराला पन्हळ, पहिल्या पावसाचं कचऱ्याचं पाणी बाहेर सोडायला एक वेगळा पाइप, तोंडाला जाळी, घट्ट झाकण, खाली तोटी. जूनमध्ये कौलं धुऊ द्यायची, जुलै-ऑगस्टमध्ये टाकी भरायची. फिटिंग मी करून देतो, मजुरी नको. अंघोळीला, धुण्याभांड्यांना विहीर आहे, आणि पिण्याचा भार उतरला की विहीरपण जरा श्वास घेईल.

हे पोटापुरतं झालं. ५५ लिटर द्यायचे तर पलीकडून पाइपलाइनच हवी. अडीचशे माणसांना रोज चौदा हजार लिटर, म्हणजे दहा हजाराच्या टँकरने दीड टँकर. त्याला काय मोठी नदी वळवायची नाहीये. ६३ एमएमचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप चार तासात एवढं पाणी आरामात देतो. खाडीची रुंदी आमच्या धक्क्यासमोर सहाशे मीटरच्या आसपास आहे, हा पाइप गरम करून जोडतात, काँक्रीटची वजनं बांधून तळाला बसवतात किंवा ड्रिलिंग करून तळाखालून काढतात. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालची, परवानगी लागेल, मग घ्या की, ते तुमचंच काम आहे. घारापुरीला फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज नेली, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी का होईना पण नेली. मग इथले सहाशे मीटर अवघड कसे? मागे या पाइपलाइनचं एस्टिमेट झालं होतं असं ऐकतो, खर्च माणशी जास्त पडतो म्हणून ते बाजूला पडलं. माणशी खर्च काढताना आत्ताची बोअर, पंप, टाकी, नळ आणि आता दुसरी बोअर, हे सगळं कोणाच्या खात्यात धरलंत?

कोणी म्हणेल आरओ, म्हणजे पाण्यातलं मीठ काढणारं मशीन, बसवा. आमच्यातलेच काही जण म्हणतात. मी रिसॉर्टमधले आरओ दुरुस्त करतो म्हणून सांगतो, देखभाल नसेल तर खाऱ्या पाण्याला मेंब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, टिकत नाही, लाइट गेली की बंद, आणि उरलेलं डबल खारट पाणी जाणार कुठे, तर जिथून बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात त्याच किनाऱ्यावर. लक्षद्वीपला कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आहे, रोज एक लाख लिटरचा, पण त्याला साडेतीनशे मीटरच्या खालचं थंड पाणी लागतं, तेवढी खोली तिथे किनाऱ्याजवळच मिळते, आपल्याकडे समुद्र लांबपर्यंत उथळ. म्हणून तोपण विषय आमच्यासाठी नाही.

तर मागण्या अशा आहेत:

१. दुसऱ्या बोअरची मंजुरी रद्द करा. आत्ताच्या बोअरला टाइमर आणि टाकीला, भरली की पंप बंद करणारा, फ्लोट बसवा, जानेवारीनंतर उपसा निम्मा आणि मार्चनंतर बंद.

२. पुढच्या पावसाआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, प्रत्येक घराला बारा हजार लिटरची टाकी आणि पन्हळ. खड्डा, वाळू-खडी होडीतून उतरवणं, पाणी मारणं हे श्रमदानातून आम्ही करू. ज्यांच्या छपरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत त्यांचं काय करायचं ते आधी येऊन बघा.

३. पाइपलाइनचा सर्व्हे नव्याने करा आणि एस्टिमेट जुव्यावरच्या शाळेच्या भिंतीवर लावा. किती लाख, किती महिने, कुठल्या योजनेतून. पाणीपट्टी आम्ही भरू, मीटर लावलात तरी चालेल.

४. तोपर्यंत मार्च ते जून होडीने पाणी, टंचाई आराखड्यात होडीचं भाडं धरून. जीपीएसच हवं असेल तर होडीवाल्याच्या खिशात मोबाइल असतो, त्यावर लोकेशन दिसतं.

५. पाण्याची तपासणी एप्रिल आणि मेमध्ये, बोअर आणि विहीर दोन्हीची, भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा. रिपोर्ट मराठीत, शाळेच्या भिंतीवर.

६. हर घर जलची टिक काढा. पुन्हा ठराव करायचा असेल तर सभा जुव्यावर घ्या, मे महिन्यात, आणि सभेत चहा आमच्या नळाच्या पाण्याचा असेल.

माझ्या वाडीतल्या लोकांनाही एक सांगायचंय. बॅनर छापू नका. फुकट मिळतंय ते घ्या असं म्हणणारे घाईत आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण इतकी वर्षं काहीच मिळत नसताना आलेल्या गोष्टीला नाही म्हणायला जीव होत नाही. पण ही आली आणि विहीर गेली तर पुढच्या वर्षी आपण कोणाला विचारणार?

साहेब, बोअरची गाडी दिवाळीनंतर येणार असं कळलंय. बार्ज आमच्याच धक्क्याला लागतो. आम्ही कोणाला अडवणार नाही, शिवीगाळ तर अजिबात नाही, ड्रायव्हरचा यात काय दोष. विहिरीच्या पाण्याचे आकडे तारखेसकट लिहिलेली वही घेऊन धक्क्यावर बसू आणि काम सुरू करायच्या आधी लेखी उत्तर मागू. ते त्याच्या आधीच आलं तर सगळ्यांचाच एक दिवस वाचेल. फक्त फोनवर नको आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नको, सहीशिक्क्याचं पाहिजे, जावक नंबर टाकून.

आपला,
जुव्यावरचा एक प्लंबर